कुत्रा अचानक लंगडायला लागला तर

रात्री धडधाकट झोपलेला कुत्रा सकाळी उठतो आणि मागचा एक पाय अधांतरी धरून तीन पायांवर गेटपर्यंत येतो. डोळे नेहमीसारखे, शेपटी हलतेय, बिस्कीट दाखवलं तर खातोय. फक्त पाय टेकत नाही. अशा वेळी घरात दोन गोष्टी हमखास होतात. कुणीतरी तो पाय धरून ओढून बघतं, आणि दुसरं कुणी औषधांच्या डब्यातली अंगदुखीची गोळी पोळीच्या तुकड्यात गुंडाळून त्याला देतं. दोन्ही मायेपोटीच होतं. पण पहिल्या प्रकारानं कुत्रा बिथरतो आणि मग दिवसभर कुणाला जवळ येऊ देत नाही. दुसरा प्रकार त्याच्या जिवावर बेतू शकतो. आधी लांबून बघायचं, मग हात लावायचा, मग डॉक्टर, आणि औषध सगळ्यांत शेवटी, तेही डॉक्टरांनी लिहून दिलेलंच, एवढा क्रम पाळला तरी निम्मं काम झालेलं असतं.

बघायचं काय, हे तुम्ही राहता कुठे यावरही ठरतं. नागपुरातलं आमचं नंदनवन म्हणजे जगनाडे चौक, केडीके कॉलेज, हसनबाग, तिकडे वाठोड्याच्या बाजूला पसरत गेलेले ले-आउट. घरांना घरं लागून आहेत, पण मध्येच एखादा प्लॉट वर्षानुवर्षं रिकामा असतो. त्यात गाजर गवत, सराटे, फुटलेल्या बाटल्या. रस्ते बहुतेक सिमेंटचे. घरात गुळगुळीत टाइल्स, उन्हाळाभर कूलर आणि त्याच्या भोवती सांडलेलं पाणी. जवळून नाग नदी वाहते, त्यामुळे पावसाळ्यात साप घराच्या कंपाऊंडपर्यंत येतात. इथल्या कुत्र्यांच्या लंगडण्याची बरीचशी कारणं या एवढ्या वर्णनात येऊन गेली.

घाई कधी करायची ते मात्र आधी सांगायला हवं. पाय भलत्याच ठिकाणी वाकलेला दिसतोय, जखमेतून हाड दिसतंय, दाबूनही रक्त थांबत नाही, गाडीचा धक्का लागलाय, किंवा पाय बघता बघता सुजतोय, तर लांबून बघण्यात वेळ घालवू नका, लगेच निघा. गाडीची धडक बसलेला कुत्रा वरून ठीक दिसला तरी छातीत किंवा पोटात इजा असू शकते. ओठ उचलून हिरडी बघा. ती गुलाबी हवी, आणि बोटानं दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. पांढरी किंवा राखाडी हिरडी दिसली तर पायाचा विचार बाजूला ठेवायचा. पावसाळ्यात अंगणात फिरून आलेल्या कुत्र्याचा पाय किंवा तोंड झपाट्यानं सुजलं तर घोणस चावल्याची शंका घ्यावी. वरून दोरी बांधू नका, चिरा देऊ नका. कुत्र्याला शक्यतो चालू न देता उचलून न्या. माणसांना देतात तेच सापाच्या विषावरचं इंजेक्शन कुत्र्यांनाही देतात, आणि ते जितकं लवकर मिळेल तितकं बरं.

दोन्ही मागचे पाय एकदम लुळे पडले, पंजा उलटा पडून वरच्या बाजूनं जमिनीला घासतोय, किंवा लघवी होत नाही, ही पायाची नव्हे, मणक्याची लक्षणं आहेत. डॅशहुंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्यांत दोन मणक्यांमधली गादी सरकून असं होतं. तिथे एकेक तास महत्त्वाचा असतो.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे विसरून चालणार नाही. रेबीजची लस न घेतलेल्या कुत्र्याचे पाय अचानक लटपटू लागले, आवाज बदलला, खालचा जबडा लोंबू लागला, लाळ गळू लागली, तर घशात हाड अडकलं असेल असं समजून तोंडात हात घालू नका. रेबीज म्हणजे पिसाळून धावत सुटणारा कुत्रा, एवढंच चित्र आपल्या डोक्यात असतं. पण त्याचा एक प्रकार शांत असतो आणि लुळेपणानंच सुरू होतो. लाळ अंगावर किंवा जखमेवर लागली असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा.

यातलं काहीच नसेल तर तुमच्या हातात वेळ आहे. आता मोबाईल काढा.

कुत्र्याला पट्टा लावून समोरच्या सपाट रस्त्यावर कुणाला तरी घेऊन चालू द्या आणि तुम्ही व्हिडिओ काढा: समोरून, मागून आणि बाजूनं. आधी सावकाश चालताना, मग जमलं तर हलक्या दुडक्या चालीत. हा व्हिडिओ फार कामाचा असतो, कारण दवाखान्यात पोचल्यावर भीतीनं आणि नव्या वासांनी कुत्र्याचं दुखणं तात्पुरतं मागे पडतं आणि तो चारही पायांवर व्यवस्थित चालून दाखवतो. डॉक्टर विचारतात, कुठला पाय? घरातल्या तिघांची तीन उत्तरं येतात. व्हिडिओ असला की वाद राहत नाही.

कुठला पाय दुखतोय हे ओळखणं वाटतं तितकं सोपं नसतं. उभ्या कुत्र्याच्या वजनाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो आणि ४० टक्के मागच्या. पुढचा पाय दुखत असेल तर तो जमिनीला लागताना कुत्रा डोकं वर उचलतो, म्हणजे त्या पायावर कमी भार यावा. आणि चांगला पाय टेकला की डोकं खाली जातं. पाहणाऱ्याला डोकं खाली जाताना जास्त जाणवतं, आणि तो नेमका त्याच पायाला दुखरा समजतो. लक्षात एवढंच ठेवायचं की डोकं खाली जातं ते चांगल्या पायावर. मागच्या पायाचं दुखणं डोक्यात कमी आणि कंबरेत जास्त दिसतं: मागून पाहिलं की दुखऱ्या बाजूचा खुबा जास्त वरखाली होतो. व्हिडिओ हळू गतीनं लावला की हे स्पष्ट होतं.

बघताना स्वतःला आणखी काही विचारा. पाय अजिबात टेकत नाही की टेकतो पण भार देत नाही? अजिबात न टेकणं हे पंजातल्या काट्यापासून तुटलेल्या हाडापर्यंत कशाचंही असू शकतं, पण त्याला थांबून चालत नाही. झोपून उठल्यावर जास्त लंगडतो आणि चालल्यावर मोकळा होतो की खेळून आल्यावर वाढतं? पहिलं जुन्या सांधेदुखीकडे बोट दाखवतं, दुसरं स्नायू किंवा अस्थिबंधाच्या दुखापतीकडे. आणि तोच पाय आहे की काल एक, आज दुसरा? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पुढे फार मोलाचं ठरणार आहे.

आता हात लावायचा. एकानं कुत्र्याला कुशीवर झोपवून मानेशी धरायचं, दुखरा पाय वर. कुत्रा कितीही गरीब असला तरी दुखऱ्या जागी हात गेला की चावू शकतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो. तोंडाला मुसकं नसेल तर ओढणी किंवा रुंद पट्टी नाकावरून एक फेरा, हनुवटीखाली एक फेरा आणि मग मानेमागे सैल गाठ. धापा टाकणाऱ्या, उलटी होत असलेल्या किंवा पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याचं तोंड मात्र बांधू नका. आधी चांगला पाय चाचपा. त्यानं त्याची भीती जाते आणि तुमच्या हाताला नेहमीचा पाय कसा लागतो ते कळतं. मग दुखरा पाय, नखांपासून वर.

पंजावर सगळ्यात जास्त वेळ द्या. प्रत्येक नख हलवून बघा. मुळाशी चिरलेलं नख वरून शाबूत दिसतं आणि हात लागताच कुत्रा किंचाळतो. आतल्या बाजूचं अंगठ्याचं नख जमिनीला लागत नाही म्हणून झिजत नाही. म्हाताऱ्या कुत्र्यांत ते गोल वळून कातडीत रुतलेलं असतं. मग बोटांमधल्या सांदी. केस बाजूला सारून उजेडात बघा. सराटा पंजाच्या गादीत शिरतो आणि चालताना त्याचं टोक आत मोडतं; वर फक्त काळा ठिपका राहतो. गवताचं कुसळ त्याहून वाईट. त्याची रचनाच अशी की ते पुढे सरकतं, मागे येत नाही. बोटांच्या मध्ये लाल फोड येतो, फुटतो, बरा झाल्यासारखा वाटतो आणि काही दिवसांनी पुन्हा येतो, कारण कुसळ आतच असतं. ते डॉक्टरांनीच काढायला हवं. वर दिसणारा काटा चिमट्यानं सरळ ओढून काढा, जागा स्वच्छ पाण्यानं धुवा, पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन लावा आणि चाटू देऊ नका.

पाय घोट्याच्या वर किंवा पंजाच्या वर गोलाकार सुजला असेल तर केसांखाली बोट फिरवून दोरा शोधा. संक्रांत झाल्यावर महिनोन् महिने आमच्या झाडांवर, तारांवर, रिकाम्या प्लॉटमध्ये नायलॉन मांजा लटकत असतो. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ साली त्यावर देशभर बंदी घातली, पण नायलॉन कुजत नाही, आणि कुत्र्याच्या पायाला बसलेला फास केसांत दिसत नाही. तसाच दुसरा प्रकार घरातलाच आहे. दृष्ट लागू नये म्हणून पिल्लाच्या पायाला काळा दोरा बांधतात. पिल्लू वाढतं, दोरा वाढत नाही. फास ओढू नका. बोथट टोकाच्या कात्रीनं कापता येत असेल तर कापा. मांसात रुतला असेल तर तसाच घेऊन दवाखाना गाठा.

उन्हाळ्यात चारही पंजांच्या गाद्या बघायच्या. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि सिमेंटचा रस्ता हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. ऊन उतरलं म्हणून तो लगेच थंड होत नाही, हे संध्याकाळी सहाला फिरायला निघणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवं. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला धरवत नसेल तर कुत्र्यालाही चालवत नाही. भाजलेल्या गाद्यांवर साधं गार पाणी दहा मिनिटं सोडा. बर्फ, हळद, टूथपेस्ट काही लावू नका. कातडी सुटली असेल तर डॉक्टर.

पंजात काही सापडलं नाही तर वर सरका. हाडावर हलकेच बोटं दाबत जा, प्रत्येक सांधा सावकाश वाकवा आणि सरळ करा. कुठे सूज, कुठे ऊब, कुठे कुत्रा मान वळवून हाताकडे बघतो, एवढंच टिपा. जोर लावायचा नाही. एक गोष्ट इथे समजून घेतली तर डॉक्टरांशी बोलणं सोपं जातं: मागच्या पायात मागच्या बाजूला वाकलेला जो सांधा उठून दिसतो तो गुडघा नव्हे, ती टाच. कुत्रा बोटांवर चालतो, त्याची टाच कायम वर असते. गुडघा त्याच्या बराच वर, पोटाच्या जवळ असतो.

आणि मोठ्या कुत्र्यांतलं मागच्या पायाचं अचानक लंगडणं बहुतेक वेळा तिथेच असतं. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना धरून ठेवणारे दोन अस्थिबंध गुडघ्याच्या आत एकमेकांना छेदून गेलेले असतात. कुत्र्याच्या नडगीचा वरचा माथा मागच्या बाजूला उतरता असतो. त्यामुळे पायावर भार आला की मांडीचं हाड त्या उतारावरून मागे घसरू पाहतं आणि नडगी पुढे सरकू पाहते. ती पुढच्या अस्थिबंधानं रोखून धरलेली असते. माणसाचा हा अस्थिबंध खेळताना एका हिसक्यानं तुटतो. कुत्र्याचा मात्र बहुधा महिनोन् महिने आतून झिजत, उसवत असतो, आणि मग सोफ्यावरून मारलेल्या साध्या उडीचं किंवा कूलरजवळच्या ओल्या टाइलवर घसरण्याचं निमित्त होतं. म्हणून त्या उडीला दोष देण्यात अर्थ नाही. असा कुत्रा पंजाची फक्त टोकं टेकवून उभा राहतो, आणि बसताना दुखरा पाय दुमडून खाली घेत नाही, बाजूला पसरतो. लॅब्राडॉर आणि रॉटवायलर यात पुढे, जाड झालेले तर जास्तच.

एक्सरेमध्ये अस्थिबंध दिसत नाही. सांध्यात साठलेलं पाणी, हाडांवरचे बदल दिसतात, आणि दुसरं काही नाही ना याची खात्री होते. निदान हातानं होतं: डॉक्टर मांडीचं हाड एका हातानं स्थिर धरून दुसऱ्या हातानं नडगी पुढे सरकवून बघतात. जागा कुत्रा स्नायू आवळून धरतो, म्हणून त्यासाठी गुंगी द्यावी लागते. ते ऐकून घाबरू नका. गुंगीशिवाय केलेली ही तपासणी पुष्कळदा खोटा दिलासा देते. उपचार वजनावर ठरतात. लहान चणीची कुत्री विश्रांती आणि औषधांवर बऱ्यापैकी सावरू शकतात. २५–३० किलोच्या कुत्र्याला शस्त्रक्रियेचा सल्ला मिळतो. तिच्या एका प्रकारात नडगीचा माथा कापून, फिरवून, तो उतारच कमी करतात आणि प्लेट बसवतात. खर्चिक काम आहे. न करायचं ठरवलं तर गुडघ्यात संधिवात लवकर येतो, हे आधीच माहीत असलेलं बरं. पुष्कळ कुत्र्यांत पुढे दुसऱ्या पायाचा अस्थिबंधही जातो.

पॉमेरियनसारख्या छोट्या जातींत वेगळंच दिसतं. चालता चालता कुत्रा एक पाय दोन-तीन पावलं उचलतो, झटकतो आणि काही न झाल्यासारखा पुढे जातो. गुडघ्याची वाटी खोबणीतून सरकून पुन्हा जागेवर येत असते. तातडीचं नाही, पण दाखवून ठेवावं. याच छोट्या जातींत पलंगावरून उडी मारल्यावर पुढच्या पायाचं हाड मनगटाच्या जरा वर मोडतं. तिथे रक्तपुरवठा कमी असतो, आणि नुसत्या प्लास्टरनं ते जुळत नाही असं पुष्कळदा होतं; म्हणून डॉक्टर प्लेट सुचवतात तेव्हा ते उगाच खर्च वाढवत नसतात. मोडलेल्या हाडाला घरी पट्ट्या बांधू नका. चुकीच्या जागी बांधलेली पट्टी हाडाला आधार देण्याऐवजी तरफ होऊन बसते. चादरीत किंवा फळीवर घालून न्या.

आता त्या प्रश्नाकडे येऊ: काल एक पाय, आज दुसरा.

वाढत्या वयाच्या जर्मन शेफर्डमध्ये, साधारण पाच महिने ते दीड वर्ष या काळात, लांब हाडांच्या आत दाह होऊन असं फिरतं लंगडणं येतं आणि वय वाढलं की आपोआप थांबतं. पण नागपुरातल्या मोठ्या कुत्र्याचं फिरतं लंगडणं बघितलं की माझ्या मनात सगळ्यात आधी गोचीड येते. कुत्र्यांवरच्या तपकिरी गोचिडीतून एर्लिकिया आणि बॅबेसिया यांसारखे जंतू रक्तात जातात. ताप येतो, खाणं सुटतं, सांधे सुजतात, हिरड्या फिकट होतात, कधी नाकातून रक्त येतं. कधी कधी मात्र सुरुवातीला फक्त लंगडणंच दिसतं, आणि घरचे पायाचा एक्सरे काढून मोकळे होतात. अंगावर आज गोचीड दिसत नाही याला अर्थ नाही. चावणं आणि आजार दिसणं यांत एक ते तीन आठवडे जातात. कानांच्या आत, बोटांच्या सांदीत, गळपट्ट्याखाली, शेपटीच्या मुळाशी बघा. घरात थर्मामीटर असेल तर टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारातून ताप मोजा: कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०३.५ च्या वर गेलं आणि कुत्रा उन्हातून किंवा खेळून आलेला नसेल तर रक्त तपासून घ्या, आणि त्यात प्लेटलेट बघायला सांगा. या आजारात त्या घसरतात.

एर्लिकियावर डॉक्सीसायक्लिन चालतं, साधारण चार आठवडे. एक-दोन दिवसांतच कुत्रा टुणटुणीत होतो आणि लोक पाचव्या दिवशी गोळ्या थांबवतात. थांबवू नका. बॅबेसियाचं औषध वेगळं असतं, म्हणून अंदाजानं एकच कोर्स देऊन गप्प बसू नये. आणि गोचीड कुत्र्यापेक्षा घरात जास्त असते: भिंतीच्या भेगा, गेटजवळचा कोपरा, त्याच्या गादीखाली. एक मादी हजारो अंडी घालते, ती कुत्र्याच्या अंगावर नव्हे, या फटींमध्ये. कुत्र्याला औषध देऊन भिंत तशीच ठेवली तर पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

पिल्लांचं लंगडणं पुष्कळदा ताटातून येतं, आणि ते फार थोड्यांना माहीत असतं. पोळी-दूध किंवा नुसतं बोनलेस चिकन आणि भात यांवर वाढवलेलं पिल्लू गुटगुटीत दिसतं. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी. रक्तातलं कॅल्शियम टिकवायला शरीर ते हाडांतून काढून घेतं. हाडं कागदासारखी पातळ होतात आणि पिल्लू कुठेही न पडता, नुसतं खेळताना पायाचं हाड मुडपून बसतं. त्यावर दुकानातून कॅल्शियमचं सिरप आणून मनानं पाजणं हाही उपाय नाही. ग्रेट डेनसारख्या मोठ्या जातीच्या पिल्लांत जादा कॅल्शियमनं हाडांची वाढच बिघडते. पिल्लांसाठीचा पूर्ण आहार, आणि घरचं खाऊ घालायचं असेल तर डॉक्टरांकडून ठरवून घेतलेलं प्रमाण.

म्हाताऱ्या कुत्र्याचं लंगडणं बहुधा संधिवाताचं असतं, पण मोठ्या जातीच्या सात-आठ वर्षांपुढच्या कुत्र्याच्या मनगटाच्या वर, खांद्याशी किंवा गुडघ्याजवळ हाडाला टणक सूज असेल आणि लंगडणं विश्रांतीनंही हटत नसेल, तर एक्सरे लांबवू नका. तिथे हाडाचा कर्करोग होतो.

आता त्या पोळीतल्या गोळीबद्दल. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक या माणसांच्या गोळ्या कुत्र्याच्या पोटात व्रण करतात आणि मूत्रपिंडं निकामी करू शकतात. पॅरासिटामॉलचं प्रमाण चुकलं तर यकृत जातं. ‘अर्धीच दिली’ या बोलण्याला आधार नसतो. मेलॉक्सिकॅमचं उदाहरण घ्या, कारण ते कुत्र्यांनाही देतात. २५ किलोच्या लॅब्राडॉरला त्याचं रोजचं प्रमाण अडीच मिलिग्रॅमच्या आसपास येतं. माणसांची गोळी साडेसात किंवा पंधरा मिलिग्रॅमची असते. पाच किलोच्या पॉमेरियनला तिचा चतुर्थांशही फार झाला. त्यात कुत्र्याला गोचीडताप असेल तर प्लेटलेट आधीच कमी असतात, आणि वरून रक्तस्राव वाढवणारी गोळी पोटात जाते. दिलीच गेली असेल तर लपवू नका. गोळीचं पाकीट सोबत न्या. उलटी, डांबरासारखी काळी शी, खाणं सोडणं ही गोळी बाधल्याची लक्षणं. डॉक्टरांना न सांगता दिलेल्या गोळीवर त्यांनी स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं तर नुकसान दुप्पट होतं.

याच औषधांनी आपल्या डोळ्यांदेखत एक पक्षी जवळजवळ संपवला. डायक्लोफेनॅक टोचलेली जनावरं मेल्यावर ती खाणारी गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मरत होती, हे २००४ साली सिद्ध झालं. २००६ मध्ये भारतानं जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आणली, २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅकवरही. नागपूरजवळच्या पेंचमध्ये २०२४ साली पिंजोरच्या पैदास केंद्रातून गिधाडं आणावी लागली. वेदनाशामक ही साधी गोष्ट आहे, असं त्यानंतर तरी कुणी म्हणू नये.

दाखवायचं कुठे? नंदनवन आणि आसपास खाजगी पशुवैद्य आहेत, आणि पंजा, गोचीडताप, साधी मुरगळ यांसाठी तेच योग्य. हाड मोडलंय, गुडघ्याची शंका आहे, एक्सरे आणि शस्त्रक्रियेची गरज पडेल असं वाटतं, तर शहर ओलांडून सेमिनरी हिल्सला नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ते १९५८ सालचं. २००० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा ते भाग आहे. तिथल्या चिकित्सालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर तपासणी होते. काहींना ते आवडत नाही, पण एका कुत्र्याकडे इतके डोळे एकदम लागतात याचा मला फायदाच वाटतो. निघण्याआधी वेळ विचारून घ्या. गुंगी द्यावी लागेल असं वाटत असेल तर मोठ्या कुत्र्याला खायला घालू नका, पाणी चालेल. लहान पिल्लाला मात्र उपाशी ठेवू नका. सोबत व्हिडिओ, लसीकरणाचं कार्ड, आणि काय खातो, कधी लंगडला, काय दिलं याची दोन ओळींची चिठ्ठी.

पंजात काही नाही, सूज नाही, ताप नाही, पाय टेकतोय पण जपून, तर चोवीस ते अठ्ठेचाळीस तास विश्रांती देऊन बघायला हरकत नाही. पहिले दोन दिवस मुरगळलेल्या जागी रुमालात गुंडाळलेला बर्फ दहा-दहा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. दोन दिवसांत स्पष्ट फरक नाही, किंवा बरा होऊन पुन्हा लंगडला, तर डॉक्टर.

विश्रांती या शब्दाचा अर्थ घरात सगळ्यांना एकच सांगून ठेवा, कारण उपचार फसतात ते इथे. विश्रांती म्हणजे गच्चीवर मोकळा सोडणं नव्हे. एक लहान खोली किंवा पिंजरा, जिना बंद, पलंग-सोफा बंद, गेटवर बेल वाजली की धावत जाणं बंद. शी-शूसाठीही पट्ट्यावर, पाच मिनिटांत परत. दुसऱ्या दिवशी कुत्र्याला बरं वाटतं आणि घरच्यांना त्याची दया येते. त्या दयेपोटी सोडलेला कुत्रा अर्धवट जुळलेला अस्थिबंध किंवा स्नायू पुन्हा ताणून घेतो. टाइल्सवर त्याच्या वाटेपुरत्या खालून रबर असलेल्या चटया टाका. सतरंजी टाकली तर ती त्याच्यासकट सरकते. नखं कापा, गाद्यांमधले वाढलेले केस छाटा. कूलरखालचं पाणी पुसा.

आणि ताट कमी करा. पडून असलेल्या कुत्र्याला नेहमीएवढंच खायला घातलं तर दुखऱ्या सांध्यावर भार वाढतो. बरगड्यांवरून तळवा फिरवला तर न दाबता त्या बोटांना लागायला हव्यात. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉर आयुष्यभर पाळून एक अभ्यास झाला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला: एका गटाला दुसऱ्यापेक्षा चतुर्थांश कमी खाणं दिलं होतं. कमी खाणाऱ्या गटाचं आयुष्य सुमारे दोन वर्षांनी जास्त निघालं, आणि संधिवातही उशिरा आला. सांध्यांच्या कुठल्याही टॉनिकनं एवढा फरक पडलेला नाही.

डॉक्टरांनी फिरायला परवानगी दिली की पहिल्या आठवड्यात पट्ट्यावर, सपाट रस्त्यावर, सावकाश पाच-पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. सावकाश याला महत्त्व आहे, कारण हळू चालताना त्याला चारही पाय टेकावेच लागतात. पळताना तो दुखरा पाय उचलून तीनवर निभावून नेतो. दर आठवड्याला थोडी मिनिटं वाढवा. फरक त्याच दिवशी नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी झोपून उठताना दिसतो. तेव्हा पुन्हा पाय जपतोय असं वाटलं तर मागच्या आठवड्याच्या मिनिटांवर या, व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना पाठवा.